द्वारकेचा रांजण

द्वारकेचे वडील आले तेव्हा आम्ही माती तुडवत होतो. शाळेच्या मागच्या पडवीत गोणपाटावर ओल्या मातीचा ढीग घातला होता आणि अकरा मुली एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून, परकर गुडघ्यांपर्यंत खोचून, त्यावर गोल फिरत होत्या. डिसेंबर लागला होता, माती गार होती, आणि पायांच्या बोटांमधून ती वर यायला लागली की एखादी मुलगी अंग चोरून हसायची. मी मधे वाकून खडे वेचत होते. पायरीशी एक उंच, वाळलेला माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांच्या कडांना चुना मुरलेला. तो नुसता खोकला. त्या खोकल्याबरोबर गोलातली एक मुलगी जागच्या जागी थांबली.

"आबा आलं," द्वारका म्हणाली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी अंध मुलींची ती निवासी शाळा होती आणि मी तिथे हस्तकलेची हंगामी शिक्षिका म्हणून दुसरं वर्ष काढत होते. मी जातीनं कुंभार. पण मला चाक येत नाही. आमच्या घरात बाईनं चाकाला हात लावायचा नाही, असा दंडकच होता. चाक वडिलांचं आणि काकांचं. बायकांनी माती चाळायची, मळायची, आणि जे चाकाशिवाय होतं ते करायचं. चुली, शेगड्या, धान्याच्या कोठ्या. माझी आत्या वळीवर वळी चढवत माणसाच्या उंचीची कोठी उभी करायची आणि शेवटी तिच्याभोवती फिरून तिला थोपटायची, जणू गाय व्यायला झाली आहे. मी जे शिकले ते तिच्याकडून. शाळेच्या मुलाखतीत मला विचारलं होतं की चाक आणून द्यायचं का. येत नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हणाले, दृष्टी नसलेल्या मुलींना हातकामच बरं, सगळं भांडं त्यांच्या बोटांखालून जातं. मोठ्या बाईंना हे फार आवडलं. पुढे ते खरंही निघालं, पण मी बोलले तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

मुलींना मी आधी चिमटीनं भांडं करायला शिकवलं. लिंबाएवढा गोळा डाव्या तळहातात घ्यायचा, मधे अंगठा रुतवायचा, आणि अंगठा आत, बोटं बाहेर ठेवून हळूहळू फिरवत कड वर काढायची. मग वळ्या. पाटावर माती लाटून करंगळीएवढी जाड वळी, मग अंगठ्याएवढी. मी सांगताना 'असं' किंवा 'इकडे' म्हणायचे नाही. ते शब्द तिथे निरुपयोगी होते. मी माझे हात मातीवर ठेवायचे आणि मुलींनी त्यांचे हात माझ्या हातांवर. अकरा मुलींना असं एकेकीला शिकवायला दुपार पुरायची नाही.

द्वारका खरात त्यांच्यातली तेरा वर्षांची. सहाव्या वर्षी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. आई त्याआधीच गेलेली. वर्गात ती बोलायची कमी, ब्रेल वाचनात मागे होती, गाण्यात तर नव्हतीच. पण मातीत तिचा हात असा होता की पहिल्या महिन्यात मला कळलं, हिला मी फार दिवस पुरणार नाही. भांड्याची भिंत कुठे जाड आहे, कुठे पातळ, हे ती नखानं टिचकी मारून आवाजावरून सांगायची. मी अजून आत बोट घालून चाचपत असायचे.

त्या दिवशी तिच्या वडिलांना मोठ्या बाईंनी ऑफिसात बसवलं आणि मलाही बोलावून घेतलं. देवस्थळीबाई साठीला टेकल्या होत्या, शाळा त्यांनी चार मुलींवर सुरू केली होती. समोर तो गवंडी माणूस खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. त्याचं म्हणणं त्यानं सावकाश सांगितलं. तीस वर्षं चुना-सिमेंट छातीत गेलं, डॉक्टरनं काम सोडायला सांगितलंय. गावाकडे एक स्थळ आलंय. माणूस तिशी उलटलेला, पहिली बायको वारली, शेरडं आहेत, थोडी जमीन आहे. पोरगी आंधळी आहे हे माहीत असून हो म्हणतोय. देवस्थळीबाईंनी वयाचं सांगितलं, कायद्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कायदा बरोबर हाय बाई," तो म्हणाला. "पण मी गेल्यावर तिला जेवाय कायदा वाढणार न्हाई. तिच्या हाताला काम येत असंल तर सांगा. मी ठेवतो हितं. मला काय पोरगी जड झाली न्हाई."

मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तुम्ही शिकवता न्हवं? खरं सांगा."

मी म्हणाले, येतं. तिला जेवढं येतं तेवढं मला तिच्या वयात येत नव्हतं. हे मी खरं बोलले होते.

चार जानेवारीला ब्रेलच्या जयंतीचं आमचं वार्षिक प्रदर्शन असायचं. त्याला या, डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा, असं देवस्थळीबाईंनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. प्रदर्शनाला यंदा जिल्ह्याहून अधिकारी येणार होते. हस्तकलेचं पद कायम करायचं की काढून टाकायचं, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. "मुलींचं काम असं दिसलं पाहिजे इंदू, की त्यांना प्रश्नच पडू नये," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. माझ्या वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, धाकटी बहीण कॉलेजात होती. पण हे मी आता सांगते आहे म्हणून त्याला फार वजन देऊ नका. तेव्हा मला नोकरी हवी होती, एवढंच.

काय करशील, असं मी द्वारकेला विचारलं तेव्हा तिनं क्षणभरही वेळ घेतला नाही. रांजण करायचा म्हणाली. तिच्या घरी दारामागं असायचा, आईनं तिला उचलून त्यातलं पाणी काढायला लावलं होतं, ते तिला आठवत होतं. एवढा मोठा नको, गुडघ्याएवढा करू, असं मी सुचवलं. तिला शिकवायचं म्हणून मी शेजारी माझाही एक रांजण धरला. रोज सकाळी मी माझ्या रांजणावर एक वळी चढवायची, ती माझ्या हातांवर हात ठेवून बघायची, मग आपल्या रांजणाकडे जाऊन तेच करायची. खालच्या कडेवर जुन्या फणीनं चरे पाडायचे, पातळ चिखल लावायचा, वळी बसवायची, आतून माती खाली ओढायची, बाहेरून वर. दिवसाला दोन वळ्या. त्याहून घाई केली तर खालची भिंत बसते. चाक नव्हतं तेव्हा आम्हीच चाक होतो. ती तिच्या रांजणाभोवती आणि मी माझ्या, अशा दोघी अर्धा-अर्धा तास फिरत असायचो. फिरता फिरता ती मला विचारायची की बाई, तुम्हाला पण चक्कर येते का.

दहाव्या दिवशी तिच्या रांजणाला गळा आला. मी लांब उभी राहून बघितलं. भिंत सगळीकडे सारखी होती, तळ पक्का होता. पण पोट एका अंगाला सुटलं होतं. तिचा डावा हात आत असायचा, उजवा बाहेर, आणि फिरून दमली की ती ज्या अंगाला थांबायची तिथे डाव्याचा जोर जास्त पडायचा. त्यामुळे डावीकडून बघितलं तर तो रांजण कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं राहावं तसा दिसायचा. हाताला तो मुळीच वाकडा लागत नव्हता. हात त्यावरून फिरवला की एका बाजूनं चढण, दुसऱ्या बाजूनं उतार, असा तो छान फिरत जायचा. डोळ्यांना मात्र वाकडा होता.

दुपारी देवस्थळीबाई पडवीत आल्या. मुली जेवायला गेल्या होत्या. त्यांनी दोन्ही रांजण बघितले आणि म्हणाल्या, तुझा सुरेख झालाय. मग दुसऱ्याकडे बघून म्हणाल्या, हा जरा कलंडलाय का? मी म्हणाले, हातकाम आहे, थोडं असायचंच. त्या म्हणाल्या, "तुला-मला ठीक आहे. साहेब काय म्हणतील?" आणि गेल्या.

मी थोपटायची लाकडी थापी घेतली आणि आत धरायला गोल दगड घेतला. माती तोवर वाळायला लागली होती, कातड्यासारखी चिवट झाली होती. तशा मातीला थोपटायचं नसतं, हे मला आत्यानं शिकवलं होतं, आणि ते मी मुलींनाही शिकवलं होतं. थोपटायचं ते ओली असताना. पण मला वाटलं, हलक्या हातानं केलं तर होईल. सुटलेल्या अंगावर मी पाव तास हलकेच थापी चालवली. पोट आत आलं. रांजण गोल दिसायला लागला. थापीच्या खुणा मी ओल्या फडक्यानं पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारका आली, तिनं दोन्ही हात रांजणाला लावले आणि ती तिथेच थबकली.

"बाई, हे कुणी दाबलं?"

मी म्हणाले, वाळताना माती बसते. आत जाते.

"एकाच अंगाला?"

"ज्या अंगाला ऊन लागतं, त्या अंगाला."

तिनं ते लक्षात ठेवलं. नंतर मी तिला दुसऱ्या एका मुलीला सांगताना ऐकलं की भांडं उन्हात ठेवू नकोस, एका अंगानं आत जातं, बाई सांगतात.

तीस तारखेला आम्ही मागच्या मैदानात खड्डा करून भांडी भाजायला आवा लावला. खाली गोवऱ्या, मग पेंढा, मग भांडी, वर पुन्हा गोवऱ्या, फुटक्या कौलांचं झाकण आणि त्यावर राख. दिवसभर धूर येत होता, मुली वास घेत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी एकटीनं तो उघडला. चिमटीची चाळीस-एक भांडी होती, त्यातली दोन तडकली होती, बाकी तांबूस, कुठे काळसर, छान भाजली होती. माझा रांजण चांगला निघाला. द्वारकेच्या रांजणाचे तीन तुकडे झाले होते. दोन वळ्यांच्या जोडावरून भेग सुरू होऊन खाली तळापर्यंत गेली होती. कुठल्या अंगाला, ते मला बघायची गरज नव्हती, पण मी बघितलं. जिथे थापी चालवली होती, तिथेच.

मी ते तुकडे गोणपाटात गुंडाळले आणि शाळेच्या कोठीच्या खोलीमागे नेऊन दगडानं फोडले. त्यांची भुकटी करून मातीच्या डब्यात टाकली. भाजलेल्या खापराची भुकटी नव्या मातीत घालतातच, त्यानं माती तडकत नाही. तेव्हा त्यात काही विचित्र नव्हतं. मुली प्रार्थनेहून आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की मोठी भांडी अजून गरम आहेत, हात लावायचा नाही. द्वारकेनं विचारलं, आला का नीट? मी म्हणाले, आला, पण आता प्रदर्शनातच हाताळायचा.

मी तिला सांगणार होते. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, प्रदर्शनाच्या सकाळी. दर वेळी काहीतरी आडवं आलं. कधी टेबलं लावायची होती, कधी रांगोळी. सांगायला दोन वाक्यं लागली असती.

प्रदर्शन वरच्या हॉलमध्ये होतं. टेबलांवर पांढऱ्या चादरी, प्रत्येक भांड्यापुढे मुलीचं नाव, शाईनं आणि ब्रेलमध्ये. माझा रांजण मधोमध होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, द्वारका म्हादू खरात, इयत्ता सातवी. चिठ्ठी देवस्थळीबाईंनी आधीच करून ठेवली होती. त्यांना काही माहीत नव्हतं. रांजण मांडला मी.

अधिकारी आले, हार झाले, भाषणं झाली. द्वारकेचे वडील मागच्या ओळीत धुतलेला सदरा घालून बसले होते. मग देवस्थळीबाई साहेबांना टेबलाशी घेऊन आल्या, आणि त्यांनी मागे वळून खरातांनाही हाक मारली. या, बघा तुमच्या मुलीनं काय केलंय. द्वारकेला कुणीतरी हाताला धरून पुढे आणलं. तिनं दोन वेण्या घातल्या होत्या. ती हसत होती. बघा साहेब, ही बघा आमची द्वारका, असं बाईंचं चाललं होतं, आणि तिनं हात पुढे करून रांजणाला लावले.

मी तिचा चेहरा बघत होते. हात पोटावरून एकदा फिरले. मग गळ्यावर गेले, मग डावा हात आत गेला. हसू लगेच गेलं नाही. ते आपलं तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

"हा माझा न्हाई," ती म्हणाली.

देवस्थळीबाई हसल्या. लाजते आहे, म्हणाल्या. एवढ्या माणसांची सवय नाही तिला. साहेबही हसले.

"हा बाईंचा हाय," द्वारका म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या ओळीपर्यंत पोचला. रोज सकाळी दहा दिवस तिनं त्या रांजणावर हात ठेवले होते. तो तिला तिच्या स्वतःच्या रांजणाइतकाच माहीत होता.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. देवस्थळीबाईंनी बघितलं. पण विचारलं ते खरातांनी.

"बाई, तुम्ही सांगा. कुणी केलाय?"

"द्वारकेनंच," मी म्हणाले. "भाजल्यावर माती आवळते. हाताला वेगळी लागते."

द्वारकेनं माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मला वाटलं, ती आता नाही म्हणेल. तिनं पुन्हा रांजणावर हात ठेवले आणि सावकाश, पहिल्यापेक्षा खूप सावकाश, खालपासून वरपर्यंत नेले. एका जागी थांबली. परत आली. आणि मग तिनं हात काढून घेतले आणि परकराला पुसले.

"बाई म्हणत्यात तर असंल," ती म्हणाली.

साहेब पुढच्या टेबलाकडे गेले. देवस्थळीबाई त्यांच्याबरोबर गेल्या. म्हादू खरात तिथेच उभे राहिले. त्यांनी रांजणात हात घातला आणि आतल्या अंगाला बोटं पसरली. गुळगुळीत करताना आत माझ्या बोटांच्या खुणा राहिल्या होत्या. त्यांनी आपली चार बोटं त्या चार खुणांत बसवली, मग हात बाहेर काढून मुलीचा हात हातात घेतला आणि तिचा पंजा उलटा-सुलटा करून बघितला. लहान होता. अजून वाढायचा होता.

मग ते माझ्याजवळ येऊन खाली मान घालून म्हणाले, "तिला काय येत न्हाई, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पोरगी खरं बोलली तर तिला खोटी पाडली तुम्ही."

त्याच दुपारी त्यांनी तिला नेलं. देवस्थळीबाईंनी फाटकापर्यंत जाऊन समजावलं, पण ते म्हणाले, जिथं दाखवायला दुसऱ्याचं काम ठेवावं लागतं तिथं हिच्या हाताला काय येत असंल ते मला कळलं. द्वारका पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्यामागे गेली. मी पडवीत होते. माझा निरोप घ्यायला ती आली नाही, आणि मीही गेले नाही.

मार्चमध्ये माझं पद कायम झालं. अहवालात साहेबांनी त्या रांजणाचा खास उल्लेख केला होता.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मी तिला भेटायला गेले. देवस्थळीबाईंनी पत्ता काढून दिला होता. एसटीतून उतरून तीन किलोमीटर चालावं लागलं. घर रानात होतं, दोन खोल्यांचं, पुढे चिंचेचं झाड. झाडाखाली ती बसली होती, पुढ्यात चिंचांचा ढीग, दगडावर चिंच ठेवून हातोडीनं फोडून चिंचोका काढत होती. अंगावर लुगडं. तिला सहावा महिना होता. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता, गुळगुळीत, ओढलेला. शेरडं बांधली होती. नवरा कुठेतरी कामाला गेला होता, सासू आत झोपली होती.

मी फाटकाशी चप्पल काढली तेवढ्यानं तिनं हातोडी खाली ठेवली.

"बाई?"

मी तिच्याजवळ बसले. तिनं पाणी विचारलं, उठून आणायला निघाली, मी नको म्हणाले. वडील दिवाळीत गेले, हे तिनं सांगितलं. हाताचं विचारलं तर म्हणाली, आधण होतं. सगळ्या मुलींची नावं घेऊन तिनं चौकशी केली. मी पिशवीत तिच्यासाठी मळलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती. तिच्या हातात दिली. तिनं ती दाबून बघितली, वास घेतला, म्हणाली, चांगली मळलीय. आणि बाजूला ठेवली. हितं कुठं करायचं बाई, म्हणाली. सासूला चालत नाही. मग परत चिंचा फोडायला लागली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "एक विचारू? माझा फुटला व्हता, न्हवं?"

मी हो म्हणाले.

"मला वाटलंच. लई दिवस मला वाटायचं माझ्या हातालाच काय कळंना झालंय. घरी आल्यावर मी भिंतीला हात लावला तरी मला शंका याची, ही आपलीच भिंत का." तिनं एक चिंच फोडली. "फुटला व्हता तर फुटका दाखवायचा, बाई. आबाला कळलं असतं. पडक्या भिंतीचा एक दगड बघून आबा सांगायचा, कुणी बसवलाय. खापर बघून बी कळलं असतं त्याला, चांगलं केलंय का वाईट."

चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. मी मनात वाक्य जुळवत होते. तिला सगळं सांगायचं, थापीचं, दगडाचं, उन्हाचं जे खोटं सांगितलं ते, असं ठरवूनच मी घरून निघाले होते. वाटेत तीन किलोमीटर मी तेच घोकत आले होते. तिला एवढं तरी कळायला हवं होतं की तिचं काम चांगलं होतं, माझ्या हातानं ते मोडलं. त्यानं तिचा व्रण गेला नसता, वडील परत आले नसते, पण तेवढं एक तिचं तिला परत मिळालं असतं. ते देणारं जगात फक्त एक माणूस होतं आणि ते तिच्यासमोर बसलं होतं.

तिनंच आधी विचारलं.

"कशानं फुटला?"

मी गप्प राहिले. तेवढ्यात आतून सासू खोकली, कोण आलंय म्हणून विचारलं, आणि द्वारकेनं ओरडून सांगितलं, शाळंतल्या बाई. मग ती परत माझ्याकडे वळली, आणि माझ्या गप्प राहण्याचा तिनं तिच्या स्वभावाप्रमाणे अर्थ लावला.

"जोड कच्चा ऱ्हायला असंल माझा," ती म्हणाली. "घाई केली मी. आबा येणार म्हणून." मग माझा हात शोधून त्यावर आपला हात ठेवून म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घिऊ नका, बाई. तुम्ही बरोबरच शिकवलं व्हतं. आता ज्या पोरी हायत त्यांना सांगा, जोडाला घाई करू नका म्हणून."

मी म्हणाले, "सांगते."

पाचची एसटी होती. मी त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्या शाळेत शिकवलं.